उद्या पाच वाजता

मेरेरिद, आज सकाळी मी भिंतीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. येणार कुठून? काल तुला निरोप देऊन आलो आम्ही, आणि भिंतीपलीकडे तुझ्या घरात आता नुसतं सामान आहे. तरी लावला कान. मग त्या शांततेचीच भीती वाटली आणि मी अवीला हाक मारली. माझा नवरा दात घासता घासता बाहेर आला. "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." "मग ओरडतेस कशाला?" म्हणाला आणि परत आत गेला.

मी भित्री भागूबाई आहे हे तुला वेगळं सांगायला नको. मोटरवेवर लेन बदलायची भीती, कौन्सिलच्या पाकिटाची भीती, डॉक्टरांचा फोन आला तर भीती आणि नाही आला तर जास्तच. तू त्याची यथेच्छ चेष्टा केलीस. पण तू आजारी पडल्यापासून जी भीती माझ्यात ठाण मांडून बसली आहे ती या जातीची नाही. ती तुझ्यामुळे आली, म्हणून तुलाच सांगते. आणि ती तू असतानाच सांगायला हवी होती, हेही खरं.

हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुला एक अक्षर कळणार नाही. असू दे. इतकी वर्षं भिंतीतून माझं मराठी ऐकत होतीस, तेव्हा तरी कुठे कळत होतं? आपण दोघी बोलायचो इंग्रजीत, पण इथे तू मराठीतच बोलणार आहेस, चालवून घे. माझ्या आईच्या वयाची तू, खरं तर 'अहो' म्हणायला हवं. पण तुमच्या वेल्शमध्येही आमच्यासारखं जवळच्याला वेगळं आणि मानाच्या माणसाला वेगळं असतं, आणि तू मला पहिल्याच उन्हाळ्यात जवळच्यांत ओढून घेतलं होतंस. तेव्हा तूच.

आपली घरं एकाला एक चिकटलेली, आणि बांधणाऱ्याने मधली भिंत जेमतेमच घातलेली. दिवेलागणीला मी देवापुढे दिवा लावून आईने शिकवलेले श्लोक म्हणायची. त्याच सुमाराला तुझ्याकडून एका बाईचा आवाज यायचा. रोज तेच शब्द, तीच चाल, त्याच जागी थांबणं. मला वाटायचं, बाई भारी धार्मिक दिसते. एक दिवस कुंपणापाशी तू मला विचारलंस, "तू बातम्या कोणासाठी वाचतेस? आणि रोज सारख्याच कशा?" मी म्हटलं, "तुझी प्रार्थना रोज सारखी असते तशा." मग उलगडलं की प्रार्थना माझी होती आणि बातम्यांसारखं जे होतं ते तुझं. आपण दोघी कुंपण धरून इतक्या हसलो की समोरच्या घराचा पडदा हलला.

ती प्रार्थना नव्हती. ते एका बंद पडलेल्या टीव्ही स्टेशनचं दिवसाचं शेवटचं निवेदन होतं.

पुढे कितीतरी दुपारी, माझ्या स्वयंपाकघरात, आल्याचा चहा आणि चिवडा पुढ्यात घेऊन तू त्या स्टेशनची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी सांगितलीस. साठच्या दशकाच्या सुरुवातीचा काळ. पश्चिम आणि उत्तर वेल्ससाठी, वेल्श भाषेतून, जाहिरातींच्या जोरावर चालणारं स्टेशन. तू जेमतेम विशीतली निवेदिका. एवढीशी खोली, मागे पडदा, टेबलावर कागदाची फुलं, समोर कॅमेरा आणि त्यावर लाल दिवा. ज्यांनी ते काढलं ते सगळे भले लोक होते, म्हणायचीस. मास्तर, वकील, धर्मोपदेशक, कवी. टीव्ही कसा चालवतात हे एकालाही माहीत नव्हतं. मास्ट, म्हणजे प्रक्षेपणाचे मनोरे, उभे राहायला उशीर होत गेला. एक मास्ट उभा राहिला तेव्हा स्टेशनला धाप लागलेली होती. आणि मध्ये लहरी अडवणारे डोंगर. डोंगराला काय पडलीय भाषेची, तू म्हणायचीस. जाहिरातदार विचारायचे, बघतंय कोण? दोन वर्षंसुद्धा न काढता ते संपलं.

चालू कार्यक्रमाची फिल्म सारखी तुटायची. तुटली की काचेपलीकडचा माणूस हात हलवायचा, लाल दिवा लागायचा आणि तुला बोलत राहावं लागायचं, जोडकाम होईपर्यंत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तुझी जीभ टाळ्याला चिकटली. मग तू पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगितलंस. ते संपलं तेव्हा त्याच्या पुढच्या. असं करत रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत पोचलीस, तेव्हा कुठे फिल्म सुरू झाली. तेव्हापासून तुझा नियम ठरला. घाबरलं की पुढे काय आहे ते सांगायचं. मोठ्याने सांगायचं. बाकी काही करायचं नाही.

हा नियम तू माझ्यावर किती वेळा वापरलास! हॉस्पिटलने मला स्कॅनसाठी परत बोलावलं होतं तो दिवस आठवतो? मी तुझ्या सोफ्यावर दगड होऊन बसले होते. तू समोर उभी राहिलीस. "पुढे काय आहे?"

"माहीत नाही. ऑपरेशन असेल. मरण असेल."

"तो उद्याचा कार्यक्रम. आत्ता लगेच पुढे काय आहे? नीट सांग, निवेदिकेसारखं."

मी लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या बाईंचा आवाज काढून मराठीत म्हटलं, "यानंतर सादर करीत आहोत, आल्याचा चहा." तुला शब्द कळले नाहीत, आवाज बरोबर कळला. टाळ्या वाजवल्यास. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. पण त्या दुपारी मी जिवंत राहिले ते तुझ्या त्या नियमामुळे, असं मला अजून वाटतं.

आणि ती एरियलची गोष्ट. ती तू एकदाच सांगितलीस, ती मात्र पाठ फिरवून, भांडी विसळता विसळता. तुझे वडील चॅपेलमधले वजनदार गृहस्थ. भाषा वाचली पाहिजे म्हणून सभा गाजवणारे. स्टेशनसाठी त्यांनी गावोगाव हिंडून भाषणं केली होती. लेक निवेदिका झाल्यावर तर त्यांची मान आणखी ताठ झाली. एका सुट्टीत तू न कळवता घरी गेलीस. गल्लीच्या तोंडाशी सहज वर पाहिलंस. छपरावरच्या एरियलचं तोंड इंग्लंडच्या मास्टकडे होतं. तुमचं स्टेशन दिसायचं तर ते दुसऱ्या बाजूला फिरवावं लागायचं, आणि ते त्यांनी फिरवलंच नव्हतं. शनिवारची कुस्ती इंग्रजी स्टेशनवर असायची ना! स्वतःच्या मुलीला त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. गल्लीतल्या बहुतेक छपरांचं तेच. सगळे भाषेवर जीव टाकणारे आणि सगळ्यांचे एरियल पलीकडे. तू आत गेलीस. जेवलीस, आणि परत कामावर गेलीस.

मी हसले होते तेव्हा. म्हटलं, आमच्या इथल्या मराठी मंडळात ये, असे पैशाला पासरी मिळतील. तू हसली नाहीस.

शेवटच्या दिवशी मात्र वडील छपरावर चढले. दुखऱ्या गुडघ्याने, खाली दोन शेजारी शिडी धरून. एरियल फिरवला, आणि सगळी गल्ली तुमच्या पुढच्या खोलीत गोळा झाली. जिवंतपणी कुणी पाणी विचारलं नाही आणि मयताला गाव लोटलं. इकडे तू त्या एवढ्याशा खोलीत. रोजच्या निवेदनात शेवटी उद्याचे कार्यक्रम असायचे, पहिला पाच वाजता लहान मुलांसाठी, आणि मग 'नोस दा', म्हणजे शुभ रात्री. त्या दिवशीच्या कागदावर उद्या नव्हता. वाचत वाचत तू त्या जागेपाशी आलीस, डोळ्यांनी ओळ शोधली, आणि तिथे कोरा कागद. लाल दिवा चालू. तू घाबरलीस. घाबरल्यावर जे करायचं ते केलंस. "उद्या पाच वाजता, नेहमीप्रमाणे, लहान मुलांसाठी." मग नोस दा. दिवा गेला. काचेपलीकडच्या माणसाने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तू घरी गेलीस तर वडील कॉलर-टाय लावून, बूट घालून, पाचच्या आधीच टीव्हीपुढे बसलेले. पाच वाजता दुसऱ्याच कंपनीचा इंग्रजी कार्यक्रम लागला. ते आईला म्हणाले, "उशीर होतोय त्यांना थोडा." आणि बसून राहिले. ते खरंच फसले होते की तुझी माफी मागत होते, हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर तू ते निवेदन रोज दिवेलागणीला म्हणायला लागलीस, चुकीच्या ओळीसकट. वॉटफर्डला लग्न करून आलीस तरी. मार्टिन झाला तरी.

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं.

माझी ईशा तुला मेरूआजी म्हणायची, आणि तुझ्याशी इंग्रजीत बोलायची. माझ्याशीही. तू एक दिवस विचारलंस, तू तिच्याशी मराठी का बोलत नाहीस? मी सांगितलं ते तुला पटलं नाही, पण तेच खरं आहे. ती उशिरा बोलायला लागली. घरी तपासायला येणारी नर्स म्हणाली, दोन भाषांनी मूल गोंधळतं, एक काय ती ठरवा. मी भित्री. मुलगी मुकी राहील या भीतीने मी एक ठरवली, आणि शाळा इथली, तेव्हा कुठली ठरवणार? पुढे मंडळाच्या रविवारच्या वर्गात घातलं तर तिला पोट दुखायला लागायचं. पोरीला रडवून का भाषा जगवायची? मी तुला हे विचारलं आणि तू शांतपणे म्हणालीस, "तुझ्या छपरावर जाऊन बघ, एरियल कुठे आहे."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आणि तुझा? मार्टिनला वेल्शमध्ये साधं पाणी मागता येतं का?"

"नाही येत. म्हणूनच सांगतेय."

"अपयशी माणसाने शिकवण्या घेऊ नयेत."

हे मी बोलले. मग आपण कितीतरी दिवस बोललो नाही. संध्याकाळी दोन्हीकडून आवाज मात्र यायचे, तुझा जरा जास्तच खणखणीत. शेवटी तू तव्यावरच्या त्या मनुका घातलेल्या वेल्श चकत्या घेऊन दारात आलीस. मी तुला पोहे दिले. विषय मिटला नाही, झाकला गेला. मी अजूनही म्हणते, नर्सचं ऐकलं यात माझं काही चुकलं नाही. पण तू आता उलट बोलत नाहीस, आणि एकटीने भांडण जिंकण्यात काही राम नाही.

मग तुला झटका आला, आणि त्याने तुझं इंग्रजी नेलं. सगळंच्या सगळं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, आधीची भाषा उरते. मार्टिनने मला हॉस्पिटलमधून फोन केला. तुझा मुलगा, साठीला आलेला, तुझ्या पोटचा. म्हणाला, "वसू, यू अंडरस्टँड हर, डोन्ट यू? प्लीज कम. आय डोन्ट नो व्हॉट मम इज सेइंग."

मी आले. मला काय येत होतं? एक निवेदन, तेही भिंतीतून पाठ झालेलं. तू ते म्हणत नव्हतीस. तू माझा हात धरून दुसरंच काहीतरी सांगत होतीस, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, मार्टिनकडे बघत. मार्टिन माझ्याकडे बघत होता. वॉर्डात वेल्श येणारं कुणी नव्हतं. मेरेरिद, मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. तुझे डोळे सांगत होते की हे महत्त्वाचं आहे. मधे मी उभी, पुण्याची बाई, दुभाषी म्हणून आणलेली, आणि हातात काही नाही. मी मार्टिनला म्हटलं, "ती म्हणतेय, उद्या ये."

थाप होती. तुला काय म्हणायचं होतं देव जाणे. मी ते आवाज तोंडात धरून बाहेर पडले, कुणाला तरी विचारीन म्हणून, आणि कार पार्कपर्यंत पोचेपर्यंत ते विरून गेले. मार्टिन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. काम टाकून आला आणि दिवसभर तुझा हात धरून बसला. दुपारी तू गेलीस. तो मला म्हणाला, बरं झालं तू मला सांगितलंस. मी मान हलवली. त्याला मी काही सांगणार नाही. तुला सांगितलं.

तुला भेटून हॉस्पिटलमधून घरी येताना ती भीती माझ्यात शिरली. उद्या मला असंच झालं तर? माझं इंग्रजी गेलं आणि मराठी तेवढं उरलं तर? अवी असेल-नसेल. ईशा माझ्या खाटेशी उभी राहील आणि मी तिला काहीतरी अगदी महत्त्वाचं सांगत असेन, आणि ती शेजारणीला विचारेल, व्हॉट इज शी सेइंग? मरणाची मला भीती वाटत होती ती परवडली. ही नाही परवडत.

मग मार्टिन आला, टोपी हातात घेऊन. क्रिमेटोरियममध्ये तुझं निवेदन कुणीतरी म्हणावं अशी तुझी इच्छा होती. घरात कुणालाच येत नाही. मी म्हणेन का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं. तो म्हणाला, फक्त ते उद्याचं वगळ, फ्युनरलला बरं दिसत नाही. तेही बरोबर होतं.

मी घरात दिवसभर पुटपुटत होते. अवी म्हणाला, "अगं, तिथे लंडनच्या वेल्श चॅपेलची म्हातारी मंडळी येणारेत म्हणे. त्यांना सगळं कळणार."

"थँक यू. फार धीर आला."

"नाही, म्हणजे, प्रोनन्सिएशन नीट कर एवढंच."

तुमचा तो फुसफुसणारा 'ल' मला अजून जमत नाही, आणि तुला माझा 'ळ' कधी जमला नाही. एकदा आपण तासभर एकमेकींच्या तोंडात बघत बसलो होतो, आठवतं ना?

काल ईशा बर्मिंगहॅमहून सकाळच्या ट्रेनने आली. तिच्या हॉस्पिटलमधून तिने सुट्टी काढली होती. पुढच्या बाकावर तुझं सगळं घर, इंग्रजी बोलणारं. मागे ती चॅपेलची मंडळी, काठ्या टेकून. माझं नाव पुकारलं. उभी राहिले. सुरुवात केली. तुझी चाल धरून चालत गेले, जिथे तू थांबायचीस तिथे थांबले, आणि मागच्या बाकावरची डोकी एकेक करून वर आली. मग ती जागा आली. उद्याची. मला ती वगळायची होती. पण मी ती ओळ इतकी वर्षं ऐकली होती की जीभ ओलांडून जाईना. "अव्होरी," मी म्हटलं, "अम बिम्प ओर ग्लोख." उद्या पाच वाजता. आणि त्यापुढचं सगळं पुसलं गेलं. एक शब्द आठवेना. मार्टिन खाली बघतोय. तुझी शवपेटी माझ्या हाताच्या अंतरावर.

घाबरलं की पुढे काय आहे ते सांगायचं. मी सांगितलं. ज्या भाषेत तोंडात आलं त्या भाषेत सांगितलं, रेडिओवरच्या बाईंच्या आवाजात. "उद्या संध्याकाळी पाच वाजता, लहान मुलांसाठी, गोष्ट." मग नोस दा. आणि बसले. अवीने माझा हात दाबला. त्याचा हात माझ्याहून गार होता.

बाहेर एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवलं. मला वाटलं, आता उच्चारांवरून ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "पाच वाजता! आम्ही भावंडं शाळेतून धावत यायचो. आमच्या वडिलांनी पहिल्याच आठवड्यात एरियल फिरवला होता." आणि त्या रडायला लागल्या. मेरेरिद, ऐकतेस का? कुणीतरी बघत होतं. तू कागदाच्या फुलांमागे बसून बोलत होतीस तेव्हा एका घरात पोरं बूट न काढता तुझ्यापुढे बसत होती. हे तुला कळायला हवं होतं. ही बाई लंडनमध्येच होती इतकी वर्षं, आणि आपल्याला माहीत नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतंय.

स्टेशनवर सोडायला जाताना ईशा गाडीत फोनवर ट्रेनची वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, ते शेवटचा मराठी होता ना?"

"हो गं. घाबरले, सुटलं तोंडून."

"उद्या पाच वाजता गोष्ट. मला कळला." तिने माझ्याकडे बघितलं. "कोण सांगणार आहे?"

"कोणी नाही. चूक होती ती."

"नो, नो. तू अनाउन्स केला. एव्हरीवन हर्ड. मी रिंग करते पाच वाजता, आफ्टर माय शिफ्ट. तू सांग गोष्ट. मराठीत. आणि मला नाही कळला तर यू कान्ट स्विच, ओके? प्रॉमिस."

अवी स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "बघ बुवा, वीस मिनिटांत तुझी आई दोनदा रडेल." तिने त्याला गप्प केलं. मी प्रॉमिस केलं. ट्रेन गेली.

आणि आता तो उद्या उजाडलाय. सकाळपासून मी गोष्ट शोधतेय. माझ्या आईच्या गोष्टी आठवतात, पण त्यातले शब्द ईशाला कसे कळणार? उखळ म्हणजे काय ते सांगायला मला इंग्रजी लागेल, आणि इंग्रजी बोलायचं नाही. ती दोन मिनिटांत कंटाळली तर? गोड आवाजात "लव्हली, आई" म्हणाली तर? ते सगळ्यात वाईट. आणि शिफ्ट लांबली, ती विसरली, तर मी तुझ्या वडिलांसारखी इथे बसून अवीला सांगेन, उशीर होतोय तिला थोडा. ते खरंच फसले नव्हते, मेरेरिद. आज मला नक्की माहीत आहे. ते घाबरलेले होते. एरियल फिरवायला फार उशीर झालाय हे ज्याला कळतं तो माणूस कॉलर-टाय लावूनच बसतो. मीसुद्धा आज चांगली साडी नेसलेय. अवीने विचारलं, कुठे निघालीस? म्हटलं, कुठे नाही.

दिवा लावला. श्लोक म्हटले, जरा लवकरच. तुझ्या बाजूने काही आलं नाही. मग मी तुझं निवेदन म्हटलं, चुकीच्या ओळीसकट, आणि खुर्ची ओढून आपल्या भिंतीला पाठ लावून बसले. गोष्ट ठरली. एक गाव असतं, डोंगरांमधलं, आणि तिथे एक मुलगी असते, जी रोज संध्याकाळी सगळ्यांना उद्या काय होणार ते सांगते. यातले शब्द तिला कळतील. नाही कळले तर पुन्हा सांगीन. मराठीतच सांगीन.

पाच वाजत आले. पुढे काय आहे? पुढे गोष्ट आहे.

फोन वाजतोय. मी घेते. तू भिंतीला कान लाव.